आपण की आम्ही?

रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. पडद्यावर सहा चौकटी, त्यातल्या दोन काळ्या. चार विद्यापीठांचा मिळून एक संशोधन-प्रस्ताव, मुदतीला अकरा दिवस, आणि आमचं घोडं पान नऊवर पेंड खात उभं. मी लिहिलेला परिच्छेद मीच वाचून दाखवत होते. ‘वी विल कलेक्ट सेडिमेंट सॅम्पल्स फ्रॉम ट्वेंटी-फोर साइट्स’, वर्षातून दोनदा, तीन वर्षं. वाक्य कानाला बरं वाटत होतं, कुणाची हरकत नव्हती. बैठक संपली, चौकटी एकेक करून विझल्या आणि शेवटी दोघीच उरलो. मी आणि क्षेत्रकाम ज्यांच्याकडे आहे त्या विद्यापीठातली पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर तात्पुरत्या नेमणुकीवर संशोधन करणारी मुलगी. आम्हा दोघींचं मराठी या कामात एवढंच, बैठक संपल्यावरच्या दोन मिनिटांपुरतं. ती म्हणाली, ‘‘मॅडम, एक विचारू? पान नऊवरचा तो ‘वी’ आहे ना, तो आपण की आम्ही?’’

मी म्हणाले, ‘‘अगं, आपण! सगळे मिळून.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली आणि तिची चौकटही गेली.

त्या ‘बरं’नं माझी झोप उडवली. होकाराचं ‘बरं’ वेगळं आणि ‘तुम्ही हेच म्हणणार हे ठाऊक होतं’ हे ‘बरं’ वेगळं. अंथरुणावर पडल्या पडल्या मी हिशेब केला. २४ जागा, दोन फेऱ्या, तीन वर्षं. म्हणजे १४४ वेळा कुणीतरी नदीच्या काठावरून खाली उतरणार. प्रत्येक जागी तीन बरण्या, म्हणजे ४३२ बरण्या गाळ. त्याही साध्या नाहीत. आमचा विषय गाळातलं सूक्ष्म प्लास्टिक, ५ मिलिमीटरहून लहान कण. त्यामुळे बरणी काचेची, झाकणाखाली ॲल्युमिनियमची फॉइल, खरवडायचा चमचा स्टीलचा, अंगावर सुती कपडे. शेजारी एक रिकामी बरणी उघडी ठेवायची, हवेतून आणि आपल्याच कपड्यांतून किती धागे पडतात ते मोजायला. मग प्रयोगशाळेत प्रत्येक नमुना वाळवायचा, हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ठेवून त्यातला पालापाचोळा जिरवायचा, खारट द्रावणात हलके कण वर तरंगेपर्यंत वाट बघायची, गाळून घ्यायचं. एवढं झाल्यावर यंत्रवाल्यांचा प्रांत सुरू होतो आणि त्याच्यानंतर माझा. माझ्याकडे येतात ते आकडे. स्वच्छ, कोरडे, रकान्यात बसलेले. त्या १४४ पैकी मी किती वेळा तिथं असणार होते? एकदा. पहिल्या फेरीला, फोटोपुरती.

‘वी’ हा मोठा सोयीचा शब्द आहे. ऐकणारा त्यात आहे की नाही हे तो सांगत नाही. मराठीत ही सूट नाही. ‘आपण निघू’ म्हटलं की समोरच्यानं उठायचं, आणि ‘आम्ही निघतो’ म्हटलं की त्यानं दार लावून घ्यायचं. शाळेत जायच्या आधीच्या पोरालाही यात चूक होत नाही. मी गेली अठरा वर्षं असे प्रस्ताव इंग्रजीत लिहिते आहे, पण विचार मराठीत करते. इतक्या वेळा ‘वी’ टंकताना मनात त्या जागी कुठला शब्द होता, हे तपासावंसं मला एकदाही वाटलं नव्हतं. शिवाय आपल्या ‘आपण’चाही एक चोरखिसा आहे. ऑफिसच्या पत्रात ‘आपण सदर माहिती तातडीने पाठवावी’ असं लिहितात तेव्हा त्यातला ‘आपण’ म्हणजे फक्त समोरचा. आदरानं वाकून दिलेला हुकूम. त्या रात्री माझ्या तोंडून गेलेलं ‘आपण’ कोणत्या जातीचं होतं, याची मला खात्री देता येईना.

कागदावर सगळं सुंदर जुळत होतं. एका विद्यापीठाकडे कण ओळखणारं यंत्र, दुसऱ्याकडे नदीची खडान्‌खडा माहिती, तिसऱ्याकडे काठावरच्या लोकांशी बोलू शकणारे समाजशास्त्रज्ञ, आणि आम्ही मॉडेलवाले, पुरात कुठला कण किती लांब जाईल हे गणितानं सांगू म्हणणारे. अशा प्रस्तावाची पहिली बैठक मला मनापासून आवडते, कारण तेव्हा पैशाचं कुणी बोलत नाही. फळ्यावर गोल काढले जातात, गोलांमधून बाण जातात, प्रत्येकाला वाटतं आपला गोल मधोमध आहे. दुसऱ्या बैठकीत ‘लीड कोण?’ हा प्रश्न येतो. ‘तुम्हीच घ्या हो’, ‘नाही नाही, तुमचा अनुभव मोठा’ असं चालतं आणि त्या नम्रतेत कोण किती गंभीर आहे ते ज्याचं त्याला कळतं. तिसऱ्या बैठकीत एक्सेलची फाइल उघडते. त्यानंतर फळ्यावर गोल कुणी काढत नाही.

भागीदार कसे गोळा होतात याबद्दल मी फार तोंड वर करून बोलू नये. होरायझन युरोपसारख्या, युरोपीय संघाच्या मोठ्या संशोधन-निधी योजनेत साधारण नियम असा की किमान तीन स्वतंत्र संस्था हव्यात, त्याही तीन वेगवेगळ्या देशांतल्या, आणि निदान एक तरी युरोपीय संघातली. नियमामागचा हेतू चांगला आहे. पण नियम आला की नियमापुरती माणसंही येतात. पूर्वीच्या एका प्रस्तावात आम्ही एक विद्यापीठ केवळ नकाशावर त्या बाजूला ठिपका हवा म्हणून घेतलं होतं. त्यांना कुठलं वर्क पॅकेज, म्हणजे कामाचा कुठला वाटा, द्यावा हे सुचेना, तेव्हा ‘डिसेमिनेशन’ दिलं. (ज्याला काय द्यावं कळत नाही त्याला प्रसार द्यायचा, हा आमच्या धंद्यातला अलिखित नियम आहे.) त्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी दोन महिने प्रत्येक बैठकीला वेळेवर येऊन, शांत बसून, टिपणं घेतली. त्यांच्या क्षेत्राबद्दल आम्ही त्यांना एकही प्रश्न विचारला नाही. प्रस्ताव नापास झाला. परीक्षकांच्या अभिप्रायात एक ओळ होती, की भागीदार क्रमांक चारची भूमिका स्पष्ट होत नाही. अभिप्रायाची फाइल मी सगळ्यांना पाठवली आणि पाठवा दाबल्यावर लक्षात आलं, ती ओळ तेही वाचणार आहेत. त्यांचं उत्तर आलं, ‘थँक्यू फॉर इन्क्लुडिंग अस.’ आजही तो मेल समोर आला की मी पटकन पुढे सरकते.

लेटर ऑफ सपोर्ट हाही असाच मजेचा प्रकार. ‘या प्रकल्पात सहभागी होताना आम्हाला अत्यंत आनंद होत आहे’ हे पत्र त्या संस्थेच्या प्रमुखांच्या सहीनं येतं, पण मसुदा आपणच लिहून पाठवलेला असतो. मी चार पत्रं एका बैठकीत लिहिली. चारही संस्थांना अत्यंत आनंद होऊ नये म्हणून एकीला ‘विशेष समाधान’ दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बजेटची फाइल उघडली. तिथं सगळ्या मेहनतीचं एकक एकच, पर्सन-मंथ. माणूस-महिना. माणूस कुठला हे नंतर, आधी महिने किती. माझे ४. यंत्रवाल्या प्राध्यापकांचे ३. माझ्या पीएचडी विद्यार्थ्याचे ३६. त्या मुलीचे २४, म्हणजे तीन वर्षांच्या कामात तिसऱ्या वर्षी ती प्रकल्पात असणारच नव्हती, आणि हे आमच्यापैकी कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं. मग मी खाली खाली गेले. तिच्याबरोबर नदीवर जाणारा एक माणूस आहे, हे मला ऐकून माहीत होतं. वयानं मोठा, पदवी नसलेला, कुठल्या वळणावर कितपत गाळ बसतो हे काठी न घालता सांगणारा. तो मला माणसांच्या यादीत दिसेना. ओळ ४१ वर सापडला, ‘अदर कॉस्ट्स’मध्ये. ओळ ४० काचेच्या बरण्या, ओळ ४१ ‘फील्ड असिस्टन्स’, ओळ ४२ वाहतूक. ती ओळ मी भरलेली नव्हती. पण मी ती तीनदा तपासली होती आणि बेरीज बरोबर आहे म्हणून पुढे गेले होते.

खरं सांगायचं तर मी स्वतः बरीच वर्षं अशाच एका ओळीत होते. पहिल्या नोकरीत एका मोठ्या प्रस्तावाची पद्धतीची सात पानं मी लिहिली. छापील प्रतीत माझ्या वाट्याला ‘अनुभवी संशोधकांचा चमू’ एवढे शब्द आले, आणि मी तर अनुभवीही नव्हते. तेव्हा राग आला होता का? आठवत नाही. उलट अभिमानच वाटला असावा, की आपलं वाक्य एवढ्या मोठ्या माणसांच्या तोंडी शोभलं. राग पुढे कधीतरी, हप्त्याहप्त्यानं आला. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ साली ‘मॅथ्यू इफेक्ट’ मांडला, ज्याच्याकडे नाव आहे त्यालाच आणखी श्रेय मिळत जातं हा. त्या लेखाचा मोठा आधार हॅरिएट झुकरमन यांनी नोबेलविजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखती होत्या. लेखावर नाव एकट्या मर्टन यांचं. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं, की हा लेख दोघांच्या नावानं यायला हवा होता. श्रेय कसं घसरतं हे सांगणाऱ्या लेखातच श्रेय घसरलं होतं. मला यात मर्टन यांची चूक कमी आणि कबुली जास्त दिसते. ज्यांनी लिहून ठेवलं नाही असे किती असतील.

याचं दुसरं टोक म्हणजे २०१५ सालचा हिग्ज बोसॉनच्या वस्तुमानावरचा शोधनिबंध. ॲटलस आणि सीएमएस या सर्न प्रयोगशाळेतल्या दोन गटांचा मिळून, ५,१५४ लेखक. ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्थांची. लोक त्यावर हसले होते. मीही हसले होते. आता वाटतं, तिथं निदान ‘वी’ म्हणजे कोण हे विचारायची सोय आहे. बोट ठेवत जावं, नाव सापडतं. आता तर कोणी काय केलं ते सांगायला क्रेडिट नावाची १४ भूमिकांची यादीही आहे. कल्पना कोणाची, विदा (डेटा) कोणी जमवली, पहिला मसुदा कोणाचा. निधी मिळवणं हीसुद्धा त्यातली एक स्वतंत्र भूमिका. पण ही यादी निबंध छापताना लागते, म्हणजे काम झाल्यावर. काम वाटताना, माणसं अजून कुठं जायचं ते ठरवत असताना, आम्ही ‘वी’वरच भागवतो.

मग मी एक वेडेपणा केला. अख्ख्या मसुद्यात ‘वी’ शोधला. ११८ सापडले. कागद घेतला, दोन रकाने आखले, आपण आणि आम्ही, आणि एकेक वाक्य वाचत खुणा करत गेले. ‘वी विल कॅलिब्रेट द मॉडेल’, हा आम्ही. माझा विद्यार्थी आणि मी. ‘वी विल इंटरव्ह्यू’, हाही आम्ही, पण तो समाजशास्त्रवाल्यांचा. ‘वी विल मीट एव्हरी सिक्स मंथ्स’, आपण. तासाभरात तिसरा रकाना आखावा लागला, कारण काही वाक्यं कुठंच बसेनात. ‘आम्ही धोरणकर्त्यांशी सातत्यपूर्ण संवाद साधू.’ ‘आम्ही या विषयातलं टिकाऊ जाळं उभारू.’ ‘आम्ही सर्व विदा खुल्या स्वरूपात जतन करू.’ कोण करणार? एकाही विद्यापीठाच्या महिन्यांत त्यासाठी एक दिवस नव्हता. तिसऱ्या रकान्याला मी नाव दिलं ‘कुणीच नाही’. त्यात २९ खुणा झाल्या. त्यातल्या बऱ्याचशा पानाच्या तळाशी, परिच्छेद संपवताना लिहिलेल्या. वाक्याला ताल हवा असतो तिथं. आणि खऱ्या ‘आपण’च्या रकान्यात फक्त १४. चार विद्यापीठं, एक ध्येय, वगैरे वगैरे, आणि सगळे मिळून करणार अशा गोष्टी चौदा. त्यातल्या पाच बैठका होत्या.

या सगळ्याला किती वेळ द्यावा हाही प्रश्नच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१२ सालच्या वैद्यकीय संशोधन निधीच्या एका फेरीचा हिशेब मांडला होता. ३,७२७ प्रस्ताव लिहायला मिळून सुमारे ५५० मनुष्य-वर्षं खर्ची पडली आणि मंजूर झाले पाचातला एक. म्हणूनच की काय, न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेनं २०१३ पासून काही अनुदानांसाठी पात्र प्रस्तावांतून सरळ चिठ्ठ्या काढायला सुरुवात केली. स्विस राष्ट्रीय निधीनंही २०२१ मध्ये अगदी काठावरच्या, बरोबरीच्या प्रस्तावांसाठी ते मान्य केलं. मला ही कल्पना आवडते. पण चिठ्ठीतून निघालं तरी नंतर नदीवर कुणालातरी जावं लागतंच, आणि कुणी जायचं याची चिठ्ठी निघत नाही.

मी बैठक बोलावली. सहा दिवस उरलेले असताना बजेट उघडणारी बाई कुणाला आवडेल? यंत्रवाले प्राध्यापक म्हणाले, ‘‘मुद्दा बरोबर आहे, पण हे परीक्षक बघत नाहीत.’’ ते खोटं नव्हतं. परीक्षक उत्कृष्टता बघतात, परिणाम बघतात, अंमलबजावणीची तयारी बघतात, आणि ओळ ४१ कुठं आहे यावर कुणाचा अर्धा गुणही जात नाही. समाजशास्त्रवाल्या बाई मात्र लगेच म्हणाल्या, ‘‘त्याचं नाव काय?’’ मलाही ते माहीत नव्हतं. नदीवाल्या प्राध्यापकांनी सांगितलं, आणि पडद्यावर क्षणभर कुणी काही बोललं नाही.

त्यानंतरचे दोन तास मात्र काही उदात्त वगैरे नव्हते. महिने हवेतून येत नाहीत. मुलीचे २४ चे ३६ करायचे आणि त्या माणसाला स्वतःच्या नावानं १८ महिने द्यायचे, तर दुसरीकडे कात्री लागणार. यंत्रवाल्यांनी त्यांना हवा असलेला एक डिटेक्टर सोडला, जरा कुरकुरत. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझ्या विद्यार्थ्याचे ३६ चे ३० झाले आणि २४ जागांच्या १८. मॉडेलवाल्याला सहा जागा सोडणं म्हणजे काय ते मॉडेलवाल्यालाच कळेल. नदीचा अख्खा मधला टप्पा मला आता अंदाजानं भरावा लागणार होता. बाहेरून मी ‘अर्थातच, अर्थातच’ म्हणत होते आणि आतून त्या ‘बरं’वर चिडत होते. एवढा प्रश्न विचारला नसता तिनं, तर माझे चोवीस ठिपके शाबूत होते. माझ्या विद्यार्थ्याला मी ही बातमी दिली तेव्हा तो म्हणाला, ‘‘ठीक आहे मॅडम.’’ तेही एक ‘बरं’च होतं. त्या सहा महिन्यांचं काय, याचं उत्तर मी अजून त्याला दिलेलं नाही.

उरलेल्या सहा दिवसांत जमतील तेवढे ‘वी’ काढून तिथं विद्यापीठाचं किंवा माणसाचं नाव घातलं. वाक्यं जड झाली. ‘कुणीच नाही’मधल्या २९ पैकी अकरा खोडली, नऊ वाक्यांना धनी मिळाला. उरलेली नऊ तशीच राहू दिली, कारण ती काढली तर ‘परिणाम’ या विभागात पान मोकळं पडत होतं. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं. नव्या अठरा जागाही मीच निवडल्या. रात्री, उपग्रहाच्या चित्रावर, नदी मोठी करून बघत. क्षेत्रकामाचा तक्ताही पक्का झाला. एक फेरी पाणी आटल्यावर, दुसरी पूर ओसरल्यापासून १५ दिवसांच्या आत. हे १५ दिवस माझ्या मॉडेलची गरज. नंतर वरचा थर हलतो, मग त्या आकड्याला अर्थ नाही. मुलीला फाइल पाठवली, रात्री दीड वाजता. सकाळी तिचं उत्तर होतं, ‘पाहिलं, ठीक वाटतंय.’

मुदतीच्या २२ मिनिटं आधी प्रस्ताव गेला. पोर्टलचा पोच-मेल आला, ‘यू हॅव सक्सेसफुली सबमिटेड.’ हा ‘यू’ही तसाच, एकवचनी की अनेकवचनी सांगायला बांधील नसलेला, आला मात्र माझ्या एकटीच्या नावावर. तो मी सगळ्यांना पुढे पाठवला, वर इंग्रजीत आभाराच्या दोन ओळी. मग त्या मुलीला वेगळा एक मेसेज केला, मराठीत. ‘केलं आपण.’

दहा मिनिटांनी तिचं उत्तर आलं.

‘हो मॅडम, छान वाटलं. एक सांगायचं राहिलं त्या दिवशी, दीडची फाइल होती आणि सगळे दमलेले. जागा नंबर ११ ला पूर ओसरल्यावर महिनाभर तरी उतरता येत नाही. काठ खचतो. काका म्हणत होते.’

मी नकाशा उघडला. अकरावा ठिपका मीच ठेवला होता, नदी जिथं छान वळते तिथं.